दार लोटून भाजलेले आलू

माय,

आज मी घरात बटाटे भाजले. शेतात नाही, मारुतीच्या पारापाशी नाही. घरातल्या ओट्यावर, गॅसवर, लोखंडी तव्यात. तू असतीस तर पहिला प्रश्न तोच विचारला असतास, "काहून? घरात बाई नव्हती काय?" होती. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, उजवा हात गळ्यात अडकवून. न्हाणीत पाय घसरला आणि तुझ्या सुनेचं मनगट मोडलं. पंजापासून कोपरापर्यंत प्लास्टर आहे. आता जेवून आतल्या खोलीत पडली आहे आणि मी समोरच्या खोलीत बसून तुला लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी तुलाच लिहायला घेतलं, कारण माझी ही तक्रार ऐकणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. तक्रार करायलाच बसलो आहे. शेवटपर्यंत ती टिकते का ते पाहू.

हात मोडल्यावर पहिले काही दिवस मेसचा डबा लावला. डबा फाटकाच्या खिळ्याला लटकलेला असायचा. तो काढून आणायचा, उघडायचा आणि दोन ताटांत वाढायचं, एवढंच माझं काम. पण ते मी अशा थाटात करत होतो की जणू वणीत असा नवरा दुसरा नाही. ती डाव्या हातात चमचा धरून जेवायची. अर्धा भात मांडीवर सांडायचा. मग नागपूरहून तुझ्या नातीचा, माझ्या पोरीचा, फोन आला. मला म्हणाली, "बाबा, आईला काय खावंसं वाटते ते तरी विचारा एकदा." मी विचारलं. मला वाटलं पिठलं म्हणेल, नाहीतर वांग्याची भाजी. ती जराशी लाजली, खरंच लाजली, या वयात. म्हणाली, "नागपूरले पोरीनं केलते नं, ते चीजवाले आलू. भाजलेले. वरून चीज वितळते ते."

"हे काय खानं होय? पोरासोराचं," मी म्हणालो.

"राहू द्या मंग," ती लगेच म्हणाली. "वरन-भात चालते."

बघ, इतक्या वर्षांच्या संसारात तिनं तोंड उघडून खाण्याची एक गोष्ट मागितली आणि परत घ्यायला तिला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. त्या वेळी मात्र मला यातलं काही दिसलं नाही. मला फक्त 'आलू' हा शब्द ऐकू आला आणि माझी छाती फुगली. "आलू ना? अवं, आलू भाजनाऱ्याले सांगून राह्यली तू. रविवारी खाय."

कारण माय, तू गेल्यावर तुझा मुलगा वस्ताद झाला आहे. रोडग्याची पंगत असली की वणीपासून पांढरकवड्यापर्यंत लोक मला बोलावतात. नवसाची असो, नोकरी लागल्याची असो, कोणाची बदली झाल्याची असो. मी गेलो की गोवऱ्यांचा ढीग माझ्या ताब्यात येतो. कोणी मध्ये हात घातलेला मला चालत नाही. कणकेचे गोळे निखाऱ्यात कधी सोडायचे, कडेला वांगी आणि बटाटे कुठे खुपसायचे, राख कधी ओढायची, हे सगळं मी कमरेवर हात ठेवून सांगतो आणि पंचा खांद्यावर टाकून हिंडतो. खाणीच्या काटाघरात ट्रक मोजण्यात नोकरी गेली. तिथे कोणी मला वस्ताद म्हटलं नाही, ते या राखेपाशी म्हणतात. साठ माणसांचं जेवण मी हसत उतरवतो. आणि घरी आलो की पाण्याचा गडूसुद्धा मागून घेतो. "मले कुठं येते सैपाक?" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की मलाच ते खरं वाटत होतं.

मी लहान आहे. शाळेतून आलो आहे, पाटी कोपऱ्यात आहे. तू चुलीपुढे बसली आहेस आणि राखेत दोन आलू पुरून ठेवले आहेस, माझ्यासाठी. मी येऊन तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो. चिमटा माझ्या हाती देण्याआधी तू दरवेळी एकच गोष्ट सांगतेस. "बापू, पयले दार लोट." मी उठतो, दार लोटतो, परत येतो. मला वाटतं वाऱ्यानं राख उडते म्हणून. मग तू माझा अंगठा धरून गरम बटाट्यावर ठेवतेस. "दाब. दबला पाह्यजे, फुटला नाही पाह्यजे. फुटला तं जास्त झाला." माझा अंगठा भाजतो आणि तू फुंकर घालतेस. आपण दोघं अंधारलेल्या खोलीत साल काढून मीठ लावून खातो. तुला मी तिथं बसलेला आवडायचो, माय. हे मी कधी विसरलो नाही.

एक दिवस शेजारची काकी विरजण मागायला दार ढकलून सरळ आत आली. तू माझ्या हातातला चिमटा इतक्या झटक्यानं ओढून घेतलास की निखारा माझ्या पायाजवळ पडला. "पानी प्याले आला," तू तिला म्हणालीस. मी काही पाणी पीत नव्हतो. तहान लागल्याचं सोंग करून मी माठाकडे गेलो आणि उगाच गडूभर पाणी प्यालो. त्या दिवशी कळलं, दार वाऱ्यासाठी लोटलेलं नसतं.

मग बाप गेला आणि त्या वर्षी मारुतीच्या पंगतीत गोवऱ्यांपाशी उभं राहण्याची पाळी माझ्यावर आली. मिसरूड फुटत होतं. आपल्या गावात बायका राखेजवळ येत नसत. त्या कणिक मळून द्यायच्या, वाटण वाटून द्यायच्या आणि लांब निंबाखाली जाऊन बसायच्या. ढीग पेटला, धुरानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, बापेमाणसं सगळी बघताहेत आणि मला काही म्हणजे काही सुचत नाही. तेव्हा माझं लक्ष निंबाकडे गेलं. तू पदर डोक्यावर घेतलास. घरी चुलीपाशी रोडगे पलटायच्या वेळी तू हेच करायचीस, धग लागू नये म्हणून. मी पलटवले. पुष्कळ वेळानं तू पदर खांद्यावर सोडलास. मी राख ओढून सगळं बाहेर काढलं. बटाटा अंगठ्यानं दाबला. दबला, फुटला नाही. म्हातारे माना डोलवत म्हणाले, "बापाचा हात आला पोराच्या हातात." तू शेवटच्या पंगतीत बायकांबरोबर जेवलीस आणि घरी येताना वाटेवर नुसती हसलीस. बापाच्या वेळीसुद्धा तू त्याच निंबाखाली बसायचीस, हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं.

आणि माझी तक्रार कुठून सुरू होते तेही सांगतो. माझं नवीन लग्न झालेलं होतं. तुझी सून तापानं फणफणली होती. तू शेतात गेली असशील असं समजून मी तिच्यासाठी दूध तापवायला चुलीपाशी बसलो. दार लोटायचं विसरलो. तू परसातून आलीस आणि माझ्या हातातलं पातेलं धरलंस. "ठिव थे. मी मेली काय? चार दिवस बायको पडली तं हा चुलीत बसला. लोकं म्हनतीन, गेला मुठीत." मी पातेलं सोडलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. दूध तूच तापवलंस, तूच तिला पाजलंस, रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्याही तूच ठेवल्यास. त्यात तुझा दोष काढता येत नाही. पण आतून ती सगळं ऐकत होती. आणि मला त्या ओट्यावर बसून वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं. आपल्याला आता हे करावं लागणार नाही, आईनं सांगितलं आहे. तू गेलीस तरी तुझा तो हुकूम मी जपून ठेवला. तुझ्या दुसऱ्या कुठल्या हुकुमाला मी इतका मान दिला असेल असं वाटत नाही.

आता रविवारचं ऐक. हे सांगताना मला खाली बघावंसं वाटतं.

गावाहून मोटारसायकलवर पोतंभर गोवऱ्या आणल्या. दोन माणसांच्या जेवणाला पोतंभर. मला कमी करताच येत नाही. ढिगावर भाजायची सवय, तव्यावरची नाही. बटाटे घेतले पाच किलो. चीज घ्यायला डेअरीत गेलो तर पोरगा विचारतो, "काकाजी, क्यूब देऊ का स्लाइस?" मी म्हणालो, "जे वितळते ते दे." गच्चीवर विटा मांडल्या, ढीग पेटवला, पंचा खांद्यावर टाकला. खाली तिला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. मांडीवर ताट, डाव्या हातात चमचा. "आलोच," म्हणून गेलो.

धूर गेला आणि कॉलनी आली. समोरचे रिटायर मास्तर आपल्या गच्चीवरून ओरडले, "वस्ताद, आज घरीच पंगत?" मी म्हणालो, "या नं!" ते आले, त्यांचा जावई आला, मागच्या गल्लीतले दोघं आले, कोणी कांदे घेऊन आला. मी बटाटा राखेतून काढायचा, फटका मारून राख झाडायची, मधून फोडायचा, मीठ, लसणाचं तिखट, वरून तेलाची धार आणि मग चीजचा तुकडा. तो गरम बटाट्यावर बसला की हळूहळू पसरायचा, कडांवरून ओघळायचा आणि सगळे "वाऽऽ" करायचे. माय, त्या "वा"ची चटक वाईट आहे. "अजून एक घ्या हो मास्तर, लाजता काय!" मी हातानं वाढत होतो. कोणाच्या घरचा कार्यक्रम आहे आणि कोणासाठी आहे, याची मला शुद्ध नव्हती. दोनदा खालून तिचा आवाज आल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "आलोऽऽ." गेलो नाही.

गेलो तेव्हा थाळीत दोन होते. दाबताना फुटलेले, मी स्वतः कोणाला वाढले नसते असे. त्यांच्यावरचं चीज थिजून पिवळं कातडं झालं होतं आणि त्याला राख चिकटली होती. ती तशीच बसली होती, मांडीवर ताट घेऊन. ताटात मुरमुरे होते. भूक लागली म्हणून डाव्या हातानं डबा उघडून काढून घेतले होते, निम्मे खाली सांडले होते. तिनं माझ्या थाळीकडे पाहिलं.

"खपले सगळे? चांगले झाले असतीन मंग," ती म्हणाली.

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, सगळं नेहमीसारखं झालं असतं. पण तो टोमणा नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं की माझं नाव राहिलं. ते दोन गार बटाटे तिनं चमच्यानं खरवडून खाल्ले. वर म्हणाली, "गच्चीवरचे भांडे तसेच राहू द्या. हात बरा झाला का मी घासीन." मी तिथून उठलो, गच्चीवर गेलो आणि राखेपाशी उभा राहिलो. मला इतकी लाज वाटली की कोणीतरी येऊन मला चार शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. कोणी आलं नाही. ज्यांना बोलावलं होतं ते सगळे जेवून घरी गेले होते. भांडी मीच घासली, एवढं केलं. ती एक कढई घासायला मला जो वेळ लागला तो तुला सांगत नाही.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेला आहे. मनात सारखं तेच. तू मला शिकवलंस आणि लपवून ठेवलंस. तू दार लोटायला लावलंस. तू पातेलं काढून घेतलंस. हेच लिहायचं म्हणून आज कागद घेतला. पण त्याआधी दुपारी जे झालं तेही लिहावं लागेल, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

आज सकाळी मी तिला म्हणालो, "आज आलू करतो. खालीच. तू सांग."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "गोवऱ्या?"

"नोको. गॅसवर."

खुर्ची ओढून ती दारात बसली. "आलू उकडा पयले. पुरे मऊ नोको." मी कुकर शोधला. मग मीठ शोधलं. हे घर मी बांधलं, माय, एकेक वीट उभं राहून लावून घेतली, आणि त्यातलं मीठ कुठे असतं ते मला ठाऊक नव्हतं. तेल कुठे आहे, लसूण कुठे आहे, पलटवायचा सराटा कुठे टांगतात, प्रत्येक गोष्टीला मी तिच्याकडे वळून पाहायचो आणि ती हनुवटीनं दाखवायची. "तुमच्या डोयासमोरच हाये," असं म्हणून हसायलाही लागली. उकडलेले बटाटे सालीसकट तळहाताखाली दाबून चपटे केले. तिनं सांगायच्या आधीच मी अंगठा लावून पाहिला होता, दबतो का, फुटतो का. तिनं ते पाहिलं. "हे कुठं शिकले?" मी म्हणालो, "पंगतीत." तुझं नाव घेतलं नाही. सवय.

तव्यात तेल, ठेचलेला लसूण, थोडं तिखट. बटाटे मांडून मंद गॅसवर ठेवले. तेवढ्यात बेल वाजली. मास्तर रविवारी नेलेली थाळी परत द्यायला आले होते. दारातच नाक वर करून म्हणाले, "काय वास सुटला हो! वहिनी बऱ्या झाल्या वाटते?"

माझ्या हातात सराटा होता. तो कधी पाठीमागे गेला मला कळलं नाही. "हो, करून राह्यली थोडंथोडं," मी म्हणालो.

मास्तर भले आहेत. त्यांनी परवाच तिचं प्लास्टर पाहिलं होतं. त्यांनी थाळी दिली आणि ते गेले. मी आत आलो. ती दोन हातांच्या अंतरावर बसली होती, तिला सगळं ऐकू गेलं होतं. माझ्याकडे न बघता तव्याकडे बघून म्हणाली, "पलटवा आता. बुडाले लागून राह्यलं."

मी पलटवले. खालची बाजू खमंग लाल झाली होती, कडा कुरकुरीत. वरून चीज किसलं, ताट झाकलं, ते वितळेपर्यंत थांबलो. उतरवून सरळ तिच्या ताटात वाढले, एकही तुकडा दुसऱ्या कोणासाठी न काढता. तिनं चमच्यानं पहिला घास तोडला तर चीजची तार लांबत गेली. डाव्या हातानं तिला ती तोडता येईना. मी बोटानं तोडली. तोंडात टाकून ती डोळे मिटून बसली. मला वाटलं भाजलं.

"गरम हाये," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "गरम गरम हाये." एवढंच. तिनं सगळे खाल्ले. मला 'घ्या नं' म्हणायचं ती विसरली आणि त्याचं मला फार बरं वाटलं.

खाऊन झाल्यावर तिला ठसका लागला. म्हणाली, "खिडकी उघडा बरं. तिखटाचा धूर कोंडला."

ओट्यासमोरची खिडकी, माय. गल्लीकडे उघडते. दिवसभर उघडी असते, तिच्यातूनच ती शेजारणींशी बोलते. ती मी बंद केली होती. गॅस पेटवायच्या आधी, मीठ शोधायच्याही आधी. मला कोणी 'लोट' म्हटलं नव्हतं. तू म्हटलं नव्हतंस, तुला जाऊन किती काळ लोटला. तिनं म्हटलं नव्हतं. माझ्या हातानं आपोआप कडी लावली होती.

म्हणून माझी तक्रार इथेच संपते. तुला तुझ्या पोराला कोणी हसू नये एवढंच वाटत होतं, आणि त्या गल्लीत हसले असतेच. मला आता कोण हसणार आहे? माझे केस पिकले, नोकरी संपली, कॉलनीतले सगळे माझ्या हातचं खाऊन गेलेत. तरी खिडकी उघडायला सांगितल्यावर मी आधी गॅस बंद केला, सराटा मोरीत टाकला, हात पुसले आणि मग कडी काढली. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर नुसता एक माणूस हवा खात उभा दिसला असता. तिनं हेही पाहिलं असणार. तिची खुर्ची तिथेच होती.

हे तिला वाचून दाखवावं असं मधे एकदा मनात आलं. दाखवणार नाही. तिची झोप झाली की कागद फाडून टाकीन. तुला पाठवायला तर पत्ताच नाही.

झोपायला जाताना तिनं उद्या पुन्हा तेच आलू मागितले आहेत, आणि या वेळी मागणं परत घेतलं नाही. उद्या खिडकी उघडी ठेवीन, असं लिहायला मी पेन टेकवलं होतं. पण तुला खोटं कशाला लिहू.